नकाशात नसलेली खिडकी

समोरच्या खिडकीत शेवटची वीट बसायची राहिली होती आणि मी आमच्या ओट्यापाशी चहा गाळत उभा होतो. त्या वीटभर भोकातून गवंड्याचे डोळे आणि अर्धी मिशी दिसली. मध्ये अंतर दोन फुटांचं. इतक्या जवळ आलेल्या माणसाशी न बोलणं बरं दिसत नाही. "नमस्कार, काका," तो म्हणाला. मीही गाळणं हातात धरून नमस्कार केला. मग त्यानं नमस्काराच्या जागी वीट ठेवली, थापीच्या मुठीनं दोनदा ठोकली, आणि आमच्या स्वयंपाकघरात सकाळी साडेनऊला दिवा लावायची वेळ आली. तोवर मला कळलंच नव्हतं की आमच्याकडे येणारा उजेड आमचा नव्हता. पुष्पाबाईंच्या मागच्या दारातून ऊन त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचं, त्यांचा माठ, त्यांची भांडी, डबे भरून घेणारी त्यांची पोरं ओलांडून खिडकीबाहेर पडायचं आणि उरलंसुरलं आमच्या ओट्यावर यायचं. एकोणतीस वर्षं आम्ही शेजाऱ्यांनी वापरलेल्या उन्हात भाजी चिरत होतो आणि पाहुण्यांना सांगत होतो, स्वयंपाकघर कसं उजेडी आहे आमचं.

वॉकरची टकटक जवळ आली. शुभदाचे गुडघे जाऊन चार वर्षं झाली. दारापुढच्या तीन पायऱ्या म्हणजे तिला हिमालय, त्यामुळे तिचं सगळं जाणंयेणं या खिडकीतूनच व्हायचं. खिडकीपाशी एक उंच स्टूल, स्टुलावर ती, दोन फुटांपलीकडे पुष्पाबाई, आणि मध्ये वाट्या. इकडून वरण जायचं, तिकडून अंबाडीची भाजी यायची. कोणती वाटी कुणाच्या घरची, हे आता दोघींनाही सांगता आलं नसतं. शुभदा स्टुलावर बसली, समोरच्या ओल्या विटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुष्पानं काम काढलंय वाटतं. काल काही बोलली नाही." मग, "अहो, मी काही लागेलसं बोलले का हो तिला?"

"चहा घे," मी म्हणालो. एकतीस वर्षांच्या नोकरीत अवघड प्रश्नाला मी हेच उत्तर देत आलो होतो.

नोकरी एका सरकारी कार्यालयात होती. कोणत्या, ते सांगत नाही. पेन्शन तिथूनच येते. मी आरेखक होतो. लोक घर बांधायला निघाले की नकाशा माझ्या टेबलावर यायचा, आणि नकाशात घराच्या चारी बाजूंना मोकळी जागा दाखवावी लागायची. सामासिक अंतर म्हणतात त्याला. समोर दहा फूट, बाजूला पाच-पाच, मागे पाच. ही जागा मी इतक्या सुबक रेषांनी काढायचो की पाहणाऱ्याला तिथे वाऱ्याची झुळूक लागावी. प्रत्यक्षात ती जागा कुणीही सोडली नाही. मीही नाही. माझ्या हातचे सगळे नकाशे एकाला एक जोडले तर एक फार देखणं यवतमाळ तयार होईल, ऐसपैस, झाडाझुडपांचं, घराघरांत अंतर राखून असलेलं. त्या गावात कुणी राहत नाही.

आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली ही वस्ती, मूळचा भीमसिंग नावाच्या शेतकऱ्याचं कपाशीचं वावर. पाच एकर. आम्ही आलो तेव्हा अकरा घरं, वावरातलीच एक विहीर, आणि 'खुली जागा' लिहिलेला एक चौकोन, त्यात सात कडुलिंब. मग प्लॉटचे अर्धे झाले, अर्ध्यांवर मजले चढले, कोपऱ्यावर फ्लॅटची स्कीम आली. खुल्या जागेत आधी देऊळ झालं, मग देवळाला सभामंडप, मग मंडपाला भिंत. लिंब एकेक करून कुणाच्या ना कुणाच्या पायात येत गेले. विहीर बुजवली, कारण घराघरांत बोअर झाले होते. आमचा तीनशे फूट. तो आटला तेव्हा बाजूच्या बाबूसिंगाचा साडेतीनशेवर चालू होता. आम्ही सव्वाचारशे केला, मग त्याचा आटला. वर एकमेकांना ढकलायला जागा नव्हती म्हणून आम्ही दोघं खाली ढकलाढकली करत होतो, आणि सकाळी भेटलं की पाण्याची पातळी किती घसरली यावर मनापासून हळहळत होतो. निवृत्तीनंतर वेळ जात नव्हता तेव्हा मी एकदा हिशोब मांडला. पाच एकरांत दोनशे बारा माणसं. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दहा हजार चारशे सत्त्याहत्तर. आपल्या जिल्ह्याची घनता दोनशेच्या आसपास. म्हणजे जिल्ह्यात जागा पुष्कळ आहे. मारेगावला आहे, फुलसावंगीला आहे, मधल्या रस्त्यानं गेलं तर तासभर माणूस दिसत नाही. पण तिथे कॉलेज नाही, दवाखाना नाही, नळ नाही. म्हणून सगळे मोकळी जागा मोकळी टाकून आमच्या गल्लीत आले. या दोनशे बारा माणसांत माझ्या घरातली दोन. चार खोल्या, दोन माणसं. मंदार पुण्यात अठराव्या मजल्यावर असतो आणि फोनवर सांगतो, "बाबा, इथे फार शांत आहे, बाजूला कोण राहतं तेही माहीत नाही." मुलगी स्पृहा कॅनडात, तिच्याकडे घनता कमी आहे, बर्फ जास्त.

बाबूसिंग राठोड फुलसावंगीकडच्या एका तांड्यातला. एसटीत चालक होता. बदली झाली म्हणून इथे आला, आणि तो आला म्हणून तांडा आला. तांड्यातलं कुणाचं पोरगं बारावी झालं की बाप त्याची ट्रंक घेऊन थेट बाबूसिंगाच्या दारात. नेमसिंगाचा मुलगा आयटीआयला, रामलालची पोरगी नर्सिंगला, कुणाची भाची डीएडला. नाही म्हणायची रीत त्यांच्यात नसावी. एक खोली वाढायची, मग तिच्यावर एक. त्याच्या बायकोला, पुष्पाबाईंना, ती सगळी पोरं 'याडी' म्हणतात, म्हणजे आई. मी एकदा चेष्टेत विचारलं होतं, "बाबूसिंग, नक्की पोरं किती तुला?" तो म्हणाला, "सायेब, भाकरी मोजतो मी, पोरं नाही." मलाच त्याच्या घराचा पहिला नकाशा काढून द्यायला सांगितलं होतं त्यानं. काढला. मंजूर नकाशात आमच्या दोन घरांमध्ये दहा फूट हवा आहे. जागेवर आम्ही आधी आमचे चार फूट खाल्ले, ते पाहून त्यानं त्याचे चार खाल्ले. भिंत उभी राहत होती तेव्हा पुष्पाबाई विटांवर हात ठेवून मला म्हणाल्या, "भाऊजी, इकडून एक खिडकी काढून द्या ना. बाईशी बोलाले." मी खिशातली पेन्सिल काढली आणि भिंतीवरच चौकोन आखून दिला. नकाशात ती खिडकी नव्हती. सगळ्या लेआउटमध्ये मी आखलेली आणि आखली तशीच बांधली गेलेली तेवढी एकच गोष्ट.

गेल्या मे महिन्यात त्यांचा तिसरा मजला चढला. तांड्यातल्या सहा पोरी यायच्या होत्या, त्यांच्यासाठी. माझ्या गच्चीवर पश्चिमेकडून संध्याकाळी थोडी हवा यायची, तिथे माझी खुर्ची असायची. ती हवा बंद झाली. त्यांच्या कुलरची गरम वाफ माझ्या खिडकीत, माझ्या कुलरची त्यांच्या, भिंती रात्री अकरापर्यंत तव्यासारख्या, वर सहा पोरी जिन्यात बसून मोठ्यानं पाठांतर करायच्या. एका दुपारी मला राग आला. राग म्हणजे काय, बेचाळीस अंश तापमानात माणसाला जे होतं ते. मी चौकातल्या टायपिंगवाल्याकडे जाऊन अर्ज लिहवून घेतला. 'सामासिक अंतर न सोडता वाढीव बांधकाम केल्याबाबत.' खाली, 'एक जागरूक नागरिक.' असे अर्ज मी जन्मभर पाहिले होते. हजारो. आवक क्रमांक पडतो, नस्तीला लागतो, नस्ती कपाटात जाते, कपाटावर पुढच्या वर्षाच्या नस्त्या येतात. अर्ज करणं म्हणजे शेजाऱ्यावर खाकरणं. त्यानं भिंत पडत नाही, घसा मोकळा होतो. कार्यालय काही करणार नाही यावर माझा विश्वास होता. एकतीस वर्षं मी स्वतः तिथे काही न करता काढली होती, मला नाही तर कुणाला माहीत असणार? आणि तिथेच मी चुकलो. त्या टेबलावर आता कुणी अभिषेक नावाचा तरुण बसतो. तो अर्ज वाचतो.

नुसता अर्ज असता तरी निभावलं असतं. पण मला सवय. सोबत स्थळदर्शक नकाशा जोडला नाही तर अर्ज उघडा वाटतो. घरी येऊन टी-स्क्वेअर काढला, पुसला, आणि दुपारभर बसून दोन्ही घरांचा नकाशा प्रमाणात काढला. बऱ्याच वर्षांनी हातात पेन आलं होतं. राग तर अर्ध्या तासातच गेला, उरलं ते निव्वळ सुख. खरंखुरं दोन फुटांचं अंतर काढलं. जिना, पाण्याची टाकी, तिसरा मजला. आणि जे जागेवर आहे ते कागदावर असलंच पाहिजे म्हणून ती खिडकीही काढली. जन्मभर खोटे नकाशे काढले, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. एक खरा काढला. तिसऱ्या मजल्याचं काय झालं? तो कसल्याशा योजनेत बसून नियमानुकूल झाला. पण कारवाई तर दाखवायला हवी. आणि मंजूर नकाशात नसलेली, सामासिक अंतरात उघडणारी, एका गवंड्याकडून एका सकाळी बंद करता येण्यासारखी गोष्ट त्या कागदावर एकच होती.

त्या दिवसापासून शुभदा उजळणी करू लागली. भाजी निवडताना मध्येच हात थांबायचा. "संक्रांतीला मी वाण द्यायला उशीर केला होता, त्याचं तर नाही?" दुसऱ्या दिवशी, "तिच्या सुनेला मी म्हणाले होते, पोळ्या जाड होतात तुझ्या." तिसऱ्या दिवशी तिला सापडलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे सळोई शिजत होती, मटणाची. त्या वासावर ही खिडकीतून म्हणाली होती, "पुष्पा, आमच्या देवांनीसुद्धा नाक दाबलं गं आज."

"हसली होती ना ती?" मी म्हटलं.

"हसली होती. पण हसण्यावर काय जातं? आपण त्यांना तसलं बोलायला नको होतं. आपण म्हणजे आपण, अहो. त्यांना ते किती वर्षं कुठून कुठून ऐकावं लागलं असेल. आणि मी खिडकीत बसून." ती रडली नाही. स्टुलावर बसून, विटांकडे तोंड करून, लसूण सोलत राहिली. दिवा चालू होता. वॉकर भिंतीला टेकवलेला. मला वाटलं, आता सांगावं. वाक्य तयार होतं, लहान होतं, सात शब्दांचं. मी बाजारातून काय आणायचं ते विचारलं.

त्याच संध्याकाळी मी बाबूसिंगाकडे गेलो. आमच्या फाटकातून बाहेर, सिमेंटच्या रस्त्यावर बारा पावलं, त्यांच्या फाटकातून आत. इतकं जवळ होतं म्हणून कधी गेलोच नव्हतो. पुढच्या खोलीत सतरंजीवर पोरी पुस्तकं पसरून बसल्या होत्या. "सरका वं पोरीहो, सायेब आले," बाबूसिंग म्हणाला आणि एका क्षणात त्या एवढ्याशा खोलीत माझ्यासाठी एक खुर्ची आणि खुर्चीभोवती चालायला वाट तयार झाली. जागा कुठून आली ते मला, एका आरेखकाला, अजून उमगलेलं नाही. मग त्यानं पोरींना वर पाठवलं, लोखंडी कपाट उघडलं आणि एक कागद माझ्यापुढे धरला. माझ्या नकाशाची झेरॉक्स.

"पाहा, काय नकाशा काढला हाय सायेब! आमचा माठ ठेवाची जागा बी बरोबर." तो खरोखर कौतुकानं पाहत होता. "त्याईनं नोटिशीसंगं देल्ला. म्या उत्तरेचा बाण पाह्यला अन् वळखला. शेपटीले फूल. आमच्या घराच्या जुन्या नकाशावर बी हेच फूल हाय."

पुष्पाबाई आतल्या दारात उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"काहून केलं, सायेब?"

माझ्याकडे कारणं होती. उष्णता, आवाज, पाण्याची पातळी, नियम, आकडा तर दशांशापर्यंत काढलेला होता. मी म्हणालो, "गच्चीवर हवा येत नव्हती."

"मंग सांगाचं ना." बाबूसिंग खाली सतरंजीवर बसला. "दोन फुटावर तं राह्यतो आमी. तुमी शिंकले तं आमची नात म्हनते, घारफळकर आजोबाले सर्दी झाली. आवाज देल्ला असता. पोरी आत बसल्या असत्या पाठ करत."

"खिडकी जाईल असं वाटलं नव्हतं," मी म्हणालो. "काहीच होणार नाही असं वाटलं होतं. मी शुभदाला आज सांगतो. ती स्वतःला दोष देत बसली आहे. तिला वाटतंय, तुम्ही रागावून बंद केली."

तेव्हा पुष्पाबाई बोलल्या. "नका सांगू, भाऊजी."

"अहो, पण—"

"वाटू द्या तिले. मी रागावली असं वाटू द्या. आमी चौदा जन हाओ घरात. नवऱ्याचा राग आला तं सुनेजवळ बोलता येते, सुनेचा आला तं पोरीईजवळ. बाईजवळ कोन हाय? तुमी एकटे. अन् आता खिडकी बी नाही. तुमचा राग घेऊन ते कोनाजवळ बोलन?" त्यांनी पदर खोचला. "माझ्यावर रुसली तं रुसू द्या. तुमच्या घरात तं धड राहीन बाई."

मी सत्तरीचा माणूस, खुर्चीत बसलो होतो आणि माझ्या चुकीला जागा व्हावी म्हणून ही बाई स्वतः बाजूला सरकत होती. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला अजून आठवतं, उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यावं तसं थेट पोटापर्यंत गेलेलं.

घरी आलो तर शुभदानं हातात काठी घेतली होती आणि अंगावर ठेवणीतलं हिरवं पातळ होतं. "जाऊन आलात ना? काय म्हणाली?"

"कामात होत्या."

"म्हणजे रागात आहे. मला तिकडे न्या. मीच माफी मागते."

"पायऱ्या आहेत तीन. त्यांच्याकडे दोन. कशाला उगाच? निवळेल आपोआप." मी पुष्कळ बोललो. गुडघ्यांबद्दल बोललो, डॉक्टरांबद्दल बोललो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "किती दिवस राहिलेत आपले? एवढी एकच तर आहे मला बोलायला." आणि फोन उचलून तिनं स्वतःच पुष्पाबाईंच्या मुलाला, बादलला, सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोन पोरींना घेऊन आला. प्लॅस्टिकच्या खुर्चीत शुभदाला बसवून त्यांनी पायऱ्या उतरवल्या. एक पोरगी म्हणाली, "आजी, वजन काहीच नाही वं तुमचं," आणि ही लाजली. चार वर्षांत पहिल्यांदा ती रस्त्यावर आली होती. "अगंबाई, लिंब कुठे गेले?" तिनं विचारलं. त्यांच्या स्वयंपाकघरात खुर्ची ठेवली. एकोणतीस वर्षं ती जे चौकटीतून पाहत होती त्याच्या आत आता ती बसली होती, आणि समोर भिंतीवर खिडकीच्या आकाराचा ओला गिलावा. भोवती सून, नात, दोघी-तिघी पोरी. शुभदानं हात जोडले.

"पुष्पा, दसऱ्याला मी वासावरून बोलले. चुकलं माझं. मी तसं मनातून म्हटलं नव्हतं, पण तोंडातून गेलं, म्हणजे कुठेतरी असेलच. तू खिडकी लिंपलीस ते बरोबर केलंस."

पुष्पाबाईंनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. नका सांगू म्हणाल्या होत्या त्या, पण आता त्यांनी मला वेळ दिला. भरपूर दिला. गॅस बारीक केला, पदराला हात पुसले, दुधावरचं झाकण उचलून परत ठेवलं. पोरींनाही माहीत होतं. घरात चौदा माणसं असली की काही झाकून राहत नाही. चौदा माणसं माझी वाट पाहत होती. सात शब्द होते. मी गिलाव्याकडे पाहत होतो. उजव्या अंगाला तो अर्धा इंच जाड झाला होता, ओळंबा धरलाच नव्हता गवंड्यानं.

"झालं, बाई," पुष्पाबाई अखेर म्हणाल्या. "मी तं इसरून बी गेली. माफ केलं. हात सोडा आता, पोरी पाहून राह्यल्या." आणि त्यांनी खाली बसून शुभदाचे जोडलेले हात स्वतःच्या हातांनी सोडवले. मग चहा झाला. मग कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या हसल्या, शुभदा सगळ्यात जास्त.

परत येताना बादल आणि पोरींनी खुर्ची आमच्या फाटकापर्यंत आणली. पुढचं तिला माझ्या आधारानं स्वतः चढायचं होतं. पहिल्या पायरीपाशी ती थांबली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. चेहरा एकदम धुतल्यासारखा.

"मोकळं वाटलं हो," ती म्हणाली. "तुम्ही सोबत आलात म्हणून. एकटीला नसतं जमलं मला."

"पायरी आहे," मी म्हणालो.